जाड कागदाची चिठ्ठी

११ जानेवारी

प्रिय आत्या,

फोनवर तू माझ्या प्रत्येक वाक्याला "बरं, बरं" म्हणतेस. खरंच बरं चाललंय म्हणून म्हणतेस की गॅसवर काही ठेवलेलं असतं, ते मला कळत नाही. शिवाय तूच म्हणालीस, "त्यापेक्षा लिही, मला वाचायला आवडतं." म्हणून लिहिते.

परवाच्या शनिवारची कवितांची बैठक नीट झाली. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर चौतीस खुर्च्या मांडल्या, त्यातल्या दोन डुगडुगतात, त्या भिंतीशी ठेवल्या. एकोणतीस माणसं आली. चिठ्ठ्या वीस पडल्या. बिस्किटांचा डबा तू दाखवला होतास तसा हलवला, मान वळवली आणि आठ काढल्या. बस चालवणाऱ्या दादांचं नाव सलग दुसऱ्यांदा निघालं. ते म्हणाले, "माझी चिठ्ठी तिकीट काढून बसते." औषधाच्या दुकानातल्या ताईंनी खोकल्यावर कविता वाचली. ती चालू असताना पहिल्या रांगेत तिघांना खोकला आला, त्यामुळे परिणाम चांगला झाला.

सात वाजता बरोबर संपवलं. रखवालदार किल्ल्या वाजवत वर यायच्या आत खुर्च्या मिटल्या होत्या. ग्रंथपालबाई खूश आहेत, म्हणजे काही बोलल्या नाहीत.

टेलरकाकांची चिठ्ठी या वेळीही निघाली नाही. ते तुला नमस्कार सांगतात.

या ओळीत मी एक शब्द खोडला आहे. तो 'नेहमीप्रमाणे' होता. तू शिकवलंस तशी एकच रेघ मारली आहे, म्हणजे खालचं दिसेल.

तुझी,
मुंगी

---

२३ जानेवारी

मुंगे,

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, एकमेकांच्या मागे रांगेत चाललेलं. नाव ठेवलं ते वाया गेलं नाही.

शब्द खोडला तर खोडला, त्याचा पंचनामा कशाला? तू सहा वर्षांची असताना माझ्या टेबलाशी बसून पाढे लिहायचीस आणि सात नव्वे चुकला की संध्याकाळपर्यंत जेवणाला हात लावायची नाहीस. तुझी आई म्हणायची, वन्सं, हिला शाळेतच घाला, तिथे सगळेच चुकतात, हिला जरा बरं वाटेल. मी ऐकलं नाही. दहाव्या वर्षापर्यंत घरीच शिकवलं. आता वाटतं, वहिनीचं बरोबर होतं.

टेलरकाकांचं वाचून वाईट वाटलं. ऑक्टोबरपासून चार बैठका. वीस चिठ्ठ्या आणि आठ वाचणारे असतील तर चार वेळा सलग न निघणं साधारण आठात एकदा व्हावं. म्हणजे होऊ शकतं. तुझ्याच वहीत आपण ही गणितं केली होती, रंगीत बटणं पिशवीत घालून. ती बटणं त्यांच्याच दुकानातली, हे तुला आठवत नसेल.

त्यांना सांग, धीर धरा. त्यांनी मला कार्ड टाकलं होतं. मार्चअखेर दुकान बंद करून लेकीकडे जाणार आहेत, कायमचे. जायच्या आधी एकदा तरी वाचायला मिळावं, एवढंच लिहिलंय. आपल्या बैठकीच्या खोलीचे पडदे त्यांनी शिवलेत, ते दर वेळी ओढताना मला आठवायचं. तूही आठवत जा.

इथे नातवंडं मजेत. मीही.

आत्या

---

१५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तीन फाडली नाहीत, टेबलाच्या खणात आहेत. तिन्हींत पहिल्या पानावर हवापाणी आहे. या पत्रात नाही.

ते आठात एकदा घडलेलं नाही. मी घडवलं.

टेलरकाका चिठ्ठी जाड खाकी कागदावर लिहितात. बेतण्यासाठी दुकानात जो कागद असतो, त्याचा कापलेला तुकडा. बाकी सगळे वहीचं पान फाडतात. डब्यात हात घातला की ती एक चिठ्ठी बोटांना लगेच कळते. तू म्हणायचीस, चिठ्ठी आंधळी असते. असेल. बोटं नसतात.

तू नातवंडांकडे गेल्यावरची पहिली बैठक सप्टेंबरची. त्यांचं नाव निघालं आणि त्यांनी बावीस मिनिटं वाचलं. मी घड्याळ बघत नव्हते असं लिहिणार होते, पण बघत होते. सात वाजून गेले. मागच्या दोन रांगा उठल्या. रखवालदारानं मागचा दिवा घालवला. काका वाचतच होते, मधून मधून थांबून माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा सुरू करायचे. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंनी मला खाली बोलावलं. म्हणाल्या, "तुमच्या आत्याबाईंकडे बघून मी गप्प बसले. तुमच्याकडे बघून बसणार नाही. पुन्हा सातच्या पुढे गेलात तर खोली दुसऱ्या कुणाला देईन."

तुला हे कळवायला हवं होतं. वाटलं, आत्यानं अकरा वर्षं चालवलेली बैठक मी एका महिन्यात बुडवली असं होईल.

ऑक्टोबरमध्ये हात घातला. जाड कागद लागला. मी तो सोडला आणि शेजारचा उचलला. ठरवून नाही केलं, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये ते सांगता येत नव्हतं. दर वेळी बैठक संपली की काका येऊन म्हणतात, "आज आमचं नशीब दुपारची झोप काढतंय," आणि मला खुर्च्या मिटू लागतात. एका हातात दोन दोन. या वयात.

तुझं गणिताचं पत्र आलं तेव्हा ठरवलं, परवाच्या बैठकीत त्यांचीच काढायची. पण ग्रंथपालबाई स्वतः दाराशी उभ्या होत्या. चिठ्ठी माझ्या चिमटीत होती, आत्या. धरलेली सोडली. पाच झाल्या.

तू असं कधी केलं नसतंस. त्यांनी कितीही वाचलं तरी तू त्यांच्या तोंडावरून नजर हलवायची नाहीस. मला ते ऐकणं जमत नाही. मी कविता ऐकतच नाही बहुतेक, मी मिनिटं ऐकते.

१३ मार्चची बैठक त्यांची शेवटची. या वेळी पहिली चिठ्ठी त्यांचीच काढणार. बोटांनी जे बिघडवलं ते बोटांनीच नीट करते. मग तुला तोंड दाखवीन.

मुंगी

---

९ मार्च

मुंगे,

उत्तराला उशीर झाला. मध्ये दवाखान्याच्या फेऱ्या होत्या, काळजीचं काही नाही.

तू जे केलंस ते वाईट केलंस. तुला बरं वाटावं म्हणून 'असू दे' म्हणणार नाही, म्हटलं तरी तू ऐकणारी नाहीस.

पण आता जे करायचं म्हणतेस ते आणखी वाईट आहे. तो डबा टेलरकाकांचा नाही, तसा तुझाही नाही. वीस जण चिठ्ठी टाकतात ते मान वळवणाऱ्या हातावर विश्वास ठेवून. तू जाणूनबुजून एकाची सोडलीस, आता जाणूनबुजून एकाची काढणार. दोन्ही वेळा हात तोच. चूक खोडरबरानं पुसायची नाही, हे तुला शिकवलं तेव्हा तुझे दुधाचे दात होते.

बैठकीआधी त्यांच्या दुकानात जा. इस्त्री चालू असेल तर थांब. तोंडावर सांग. एवढंच.

आत्या

---

१५ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र आज सोमवारी आलं. बैठक परवा झाली. तू वेळेवर लिहिलंस, टपाल वेळेवर आलं नाही. पण खरं सांगते, आधी आलं असतं तरी मी दुकानात गेले असते की नाही, माहीत नाही.

काय झालं ते क्रमानं लिहिते.

सव्वीस माणसं. टेलरकाका दुसऱ्या रांगेत कडेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. एक परिचारिका पहिल्यांदाच आली होती, दिवसपाळी संपवून तशीच, गणवेशात. चिठ्ठी टाकताना तिनं मला विचारलं, "पहिल्याच दिवशी टाकली तर चालते का?" मी म्हटलं, चालते, इथे सगळे सारखे. हे मी म्हटलं.

डब्यात हात घातला. जाड कागद लागेना. तळापर्यंत गेले. सगळा वहीचाच कागद. लोक बघत होते. मला वाटलं, काकांनी या वेळी कागद बदलला असणार, नशीब बदलावं म्हणून. म्हणजे त्यांची चिठ्ठी आत आहे, फक्त मला सापडत नाही. मी हाताला लागेल ती उचलली, उघडली. त्यावर परिचारिकेचं नाव होतं. मी वाचलं, "टेलरकाका."

काका उठले नाहीत. म्हणाले, "मी आज चिठ्ठीच टाकली नाही."

अगदी साधं म्हणाले. कुणी चुकीचा पत्ता विचारावा आणि आपण सांगावं, तसं. माझ्या हातात ती चिठ्ठी उघडी होती. बसवाल्या दादांनी मान लांब केली.

मग काका गुडघ्यावर हात टेकून उठले. "टाकली असेन," म्हणाले. "हल्ली चष्मा कपाळावर असतो आणि मी घरभर शोधतो. टाकली असेन." आणि पुढे आले. त्यांच्याकडे कागद नव्हता. उभ्या उभ्या चार ओळी म्हटल्या आणि थांबले. पुढचं येईल म्हणून सगळे वाट बघत राहिले. काका म्हणाले, "संपली. टाळ्या वाजवायच्या असतील तर वाजवा, नाहीतर मी बसतो."

पाच मिनिटंसुद्धा नाही, एक मिनिट. माझ्या घड्याळात.

परिचारिकेची चिठ्ठी मी मुठीत ठेवली, डब्यात परत टाकली नाही. टाकली असती तर निदान संधी राहिली असती. हे मला घरी गेल्यावर सुचलं. ती सात वाजता निघून गेली. चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे.

खुर्च्या मिटताना काका जवळ आले.

"किती महिने झाले गं?"

"पाच."

"मी चार धरले होते. ऑक्टोबरचं खरंच नशीब समजलो."

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं.

"चाळीस वर्षं बोटांनी कापड ओळखतोय. दुसऱ्याची बोटं कुठे अडखळली ते दिसतं मला. तू मान वळवतेस, हात कुठे वळवतेस?"

"मग कागद का नाही बदललात?"

"बदलला असता तर तुला कळला नसता. म्हटलं, एखाद्या महिन्यात ओळखून उचलेल." मग म्हणाले, "आज शेवटचा दिवस. तुझ्या बोटांना सुटी द्यावी म्हणून टाकलीच नाही. तर तू नावच घेतलंस."

मी म्हटलं, काका, वेळ फार व्हायचा, बाई खोली काढून घेणार होत्या. काका म्हणाले, "एवढंच ना? मग सांगायचं, लांब झालंय. पायजमा लांब झाला तर गिऱ्हाईक तोंडावर सांगतं. आम्ही दुमडून देतो."

मग त्यांनी त्या डुगडुगणाऱ्या दोन खुर्च्या उचलून भिंतीशी लावल्या आणि गेले.

मी माफी मागितली नाही. रडूही आलं नाही. पडदे ओढले. त्यांनी शिवलेले.

डबा दुसऱ्या कुणाला दे, आत्या. तू सांगशील त्याच्या घरी नेऊन देते.

मुंगी

---

२४ मार्च

मुंगे,

नऊ मार्चला मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं, तोंडावर सांग म्हणून. त्या पत्रात माझी स्वतःची ओळ राहिली. ती आता लिहिते.

मला ऐकू येत नाही. आज नाही, तीन वर्षं झाली. आधी उजवा कान गेला, मग डावा अर्धा. फोनवर 'बरं, बरं' म्हणते कारण काय चाललंय ते कळत नाही. दवाखान्याच्या फेऱ्या कानाच्या. नातवंडांसाठी इकडे आले असं सगळ्यांना सांगितलं. खरं हे, की बैठकीत बसून न ऐकलेल्या कवितेला 'छान' म्हणायचा मला कंटाळा आला होता. लाज म्हण.

आता टेलरकाकांचं ऐक. तू लिहिलंस, मी त्यांच्या तोंडावरून नजर हलवायची नाही. नव्हतेच हलवत. ओठ थांबले की कविता संपली, एवढंच मला कळायचं, आणि त्यांच्या मिशीमुळे तेही धड कळायचं नाही. म्हणून मी डोळ्याच्या कोपऱ्यातून लोकांच्या हातांकडे बघायची, कुणी टाळी वाजवली की आपणही वाजवू. आणि आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. पहिली टाळी बैठक चालवणाऱ्याची, मग बाकीच्यांची. म्हणजे मी त्यांची वाट बघतेय आणि ते माझी. कविता संपायची, कुणीच टाळी वाजवायचं नाही, काका माझ्याकडे बघायचे, मी हसून मान हलवायची. ते बिचारे पुढे म्हणायला लागायचे. सप्टेंबरमध्ये ते मध्येच थांबून तुझ्याकडे का बघत होते, आता कळलं?

त्यांची कविता लांब मी केली. आणि तिची शिक्षा तुझ्या हातून त्यांना झाली.

याचा अर्थ तुझं माफ झालं असा नाही. माझं माझ्याकडे, तुझं तुझ्याकडे. पण डबा मी कुणाला देणार? मान वळवून हात घालणारी मी, आणि कान नसताना टाळ्या वाजवणारीही मीच. मला कुणाला काही द्यायचा अधिकार उरलेला नाही. तूच ठरव.

हे पत्र त्यांना वाचून दाखव. एकतीसला जाणार आहेत, त्याआधी. आणि त्या चार ओळी त्यांच्याकडून लिहून घे, मला पाठव. तीन वर्षांत त्यांची एकही कविता मी ऐकलेली नाही. ही वाचीन तरी.

आत्या

---

११ एप्रिल

प्रिय आत्या,

तीस मार्चला दुपारी दुकानात गेले. फळ्या रिकाम्या होत्या. मशीन विकलं गेलं होतं, फरशीवर त्याच्या चार पायांचे ठसे. काका बेतायच्या टेबलाशी उभे राहून कात्री चालवत होते. बसायला काही नव्हतं म्हणून मी उभ्यानंच तुझं पत्र वाचलं.

मिशीपर्यंत आले तेव्हा ते हसायला लागले. कात्री खाली ठेवून हसले. "मी म्हणायचो, बाईंना अजून हवंय. घरी जाऊन दोन पानं आणखी जोडायचो. बायको म्हणायची, झोपा आता. मी म्हणायचो, बाईंचं समाधान होत नाही." मग डोळे पुसले आणि म्हणाले, "तीन वर्षं मी भिंतीला शिवत होतो म्हणायचं." ते हसत म्हणाले, पण दोनदा म्हणाले. तुला हे कळवावं की नाही याचा मी दहा दिवस विचार केला. कळवते.

मग मी माफी मागितली. पाच महिन्यांची वेगवेगळी मागायची असं मनात होतं. नोव्हेंबरपर्यंत आले आणि ते म्हणाले, "पुरे, एकच शिलाई घाल, सगळं एकदम धरेल." माफ केलं असं म्हणाले नाहीत. नाही केलं असंही नाही. तुला नमस्कार सांगितला आहे.

चार ओळी त्यांनी स्वतःच लिहून दिल्या. तशाच पाठवते, सोबतच्या खाकी तुकड्यावर आहेत. टपालात काही झालं तर म्हणून इथेही उतरवते:

माप देताना जो तो श्वास आत ओढून धरतो.
मी काही बोलत नाही, दोन बोटं जास्त धरतो.
घरी जाऊन माणूस श्वास सोडतो
आणि म्हणतो, टेलरनं अगदी बरोबर शिवलंय.

निघताना त्यांनी मला एक गठ्ठा दिला. मी आले तेव्हा तेच कापत होते. उरलेल्या खाकी कागदाच्या चिठ्ठ्या, सगळ्या एका मापाच्या, दोऱ्यानं बांधलेल्या. म्हणाले, "वर्षभर पुरतील. आता चाचपड किती चाचपडायचं ते."

काल बैठक झाली. डबा उघडायच्या आधी मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कागद, पाच महिने, मार्चमधलं नाव. लिहून नेलं होतं, नाहीतर काहीतरी सोयीचं गळलं असतं. तुझ्या कानांचं सांगितलं नाही, ते तुझं आहे.

मग बसवाले दादा म्हणाले, "म्हणजे माझं नाव सारखं निघत होतं ते नशिबानं की तुझ्या कृपेनं?"

"नशिबानं."

"मग माझी काही तक्रार नाही."

औषधाच्या दुकानातल्या ताई मात्र म्हणाल्या, "मला राग आलाय, सांगून ठेवते." मी म्हटलं, हो. परिचारिका आली होती. तिची मार्चची चिठ्ठी मी तिच्या हातात दिली. ती म्हणाली, तिला वाटलं होतं नंबर लागला नाही, तसंही त्या दिवशी तिचे पाय दुखत होते. मग मार्चच्या त्या चिठ्ठीवर ती पहिली उठून वाचायला आली. कविता पायांवरच होती. मी घड्याळ पिशवीत ठेवलं होतं, त्यामुळे किती मिनिटं ते सांगता येणार नाही.

मला वाटलं होतं, कुणीतरी डबा काढून घेईल. कुणी घेतला नाही. ताईच म्हणाल्या, "काढ आता, सात वाजतील." डबा काढून घेतला असता त्यापेक्षा हे जड गेलं.

टाळीचीही रीत बदलली. आता वाचणारा स्वतःच "संपली" म्हणतो. टेलरकाकांचीच पद्धत.

एक राहिलं. गठ्ठ्यातली सगळ्यात वरची चिठ्ठी कोरी नव्हती. त्यांनी तिच्यावर आपलं नाव घालून ठेवलं आहे. ती मी बाकीच्यांबरोबर डब्यात टाकली. सगळ्यांना विचारून, एकमतानं. निघाली की त्या चार ओळी वाचायच्या. नाही निघाली तर पुढच्या महिन्यासाठी आत राहील.

मान वळवली, हात घातला. सगळे कागद सारखे. एकवीस चिठ्ठ्या होत्या, आठ काढल्या.

टेलरकाकांची चिठ्ठी या वेळीही निघाली नाही. या ओळीत मी काही खोडलेलं नाही.

तुझी,
मुंगी